इंडियानाच्या मराठी फॅनमंडळींना खुले पत्र: बाहेरून आलेल्यांच्या खेळाचा हिशेब

ब्लूमिंग्टन, इंडियानापोलिस, कार्मेल, फिशर्स आणि शिकून-सवरून जिथे कुठे पांगला असाल तिथल्या तमाम मराठी हूझियर (म्हणजे इंडियानाकर) मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

19 जानेवारी 2026 च्या रात्री इंडियाना विद्यापीठाच्या (आययूच्या) फुटबॉल टीमने मायामीला 27-21 असे हरवले आणि सोळापैकी सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद घेतले. त्या रात्री आपण सगळेच वेडे झालो होतो. मग उत्साह ओसरला आणि मूळ स्वभाव वर आला. "शेवटी विकतचीच टीम." "अर्धी पोरं तर जेम्स मॅडिसनची." "मेंडोझा काय, आला आणि चालला. आपला कसला?" (मेंडोझा हा आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू; जेम्स मॅडिसन हे आपल्या कोचचे आधीचे विद्यापीठ.) ओहायो स्टेटवाल्यांनी असे म्हटले तर समजू शकतो, हरलेल्याला काहीतरी बोलायला हवेच. पण ज्यांनी इथे डिग्री घेतली, ज्यांची मुले आज तिथे शिकतात आणि ज्यांच्या गाडीवर आययूचे स्टिकर आहे, तेच असे बोलू लागले म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे सरळ आहे. बाहेरून आलेल्या खेळाडूंनी इथे काय केले ते आधी नीट बघा, मग त्यांना काय म्हणायचे ते म्हणा. आणि तक्रार करायचीच असेल तर करा, जागा आहे. फक्त ती या पोरांविरुद्ध नको.

हे पत्र नागपूर-पुण्याहून वाचणारेही असतील, त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये 2018 च्या ऑक्टोबरात 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झाले. कॉलेज बदलायचे असेल तर खेळाडूने त्यात नाव टाकायचे, मग कोणताही कोच त्याच्याशी बोलू शकतो. पूर्वी कॉलेज बदलले की एक वर्ष बाहेर बसावे लागे. 2021 मध्ये एकदा न बसता बदलायची सूट मिळाली. कोर्टात एनसीएएला (कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेला) माघार घ्यावी लागल्यावर 2024 पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला, बसायची सक्ती नाही. 2021 च्या जुलैपासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात, आणि 2025 पासून तर विद्यापीठेच थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण 2.05 कोटी डॉलर, सगळे खेळ मिळून. म्हणजे पैसा आहे, भरपूर आहे, ते कोणी नाकारत नाही.

आता आपली टीम काय होती ते आठवा. 2021, 22 आणि 23 या तीन सीझनमध्ये मिळून नऊ विजय. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटात इतिहासात तोवर सर्वाधिक सामने हरलेली टीम आपलीच. बोल गेम (सीझनअखेरचा निमंत्रितांचा सामना) शेवटचा जिंकला होता 1991 मध्ये. मेमोरियल स्टेडियममध्ये पार्किंगमधली पार्टी रंगायची आणि हाफटाइमनंतर विद्यार्थ्यांचा स्टँड ओस पडायचा. आपल्यातल्या कित्येकांना तर आययू म्हणजे बास्केटबॉल एवढेच ठाऊक होते. फुटबॉल म्हणजे ऑक्टोबरात पाने बघायला जायचे निमित्त.

2023 च्या नोव्हेंबरअखेर कर्ट सिग्नेटी आले. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात त्यांनी त्या वर्षी बारापैकी अकरा सामने जिंकले होते. त्यांच्या मागोमाग तिथले तेरा खेळाडू ब्लूमिंग्टनला आले. तेव्हाही आपल्याकडे कुजबुज झालीच: हे लहान कॉलेजचे खेळाडू, बिग टेनमध्ये (आपली टीम खेळते त्या मोठ्या लीगमध्ये) टिकतील का? ओहायो स्टेट, मिशिगनसमोर उभे राहतील का?

टिकले. एडन फिशर 2024 मध्ये 118 टॅकल (समोरच्याला पाडून अडवणे) करून गेला. मिकाइल कमारा याने दहा सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) घेतले. एलायजा सॅरॅटने 957 यार्डांचे झेल पकडले. डीअँजेलो पॉन्ड्स उंचीला जेमतेम पाच फूट नऊ इंच, पण त्याच्या बाजूला चेंडू टाकताना समोरचा क्वार्टरबॅक दोनदा विचार करायचा. आणि क्वार्टरबॅक होता कर्टिस रोर्क, ओहायो युनिव्हर्सिटीचा (ओहायो स्टेट नव्हे, हे दरवेळी सांगावे लागते). सीझनच्या आधीच गुडघ्याचे लिगामेंट फाटलेले, तरी पूर्ण सीझन खेळला आणि 29 टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकून गेला. भाड्याने आणलेला माणूस फाटलेल्या गुडघ्याने तीन महिने खेळत नाही. बाकी सगळे बाजूला ठेवा, एवढे तरी लक्षात असू द्या.

त्या वर्षी अकरा विजय, आपला तोवरचा विक्रम. पराभव दोनच: कोलंबसला ओहायो स्टेटकडून 38-15 आणि प्लेऑफमध्ये नोत्र दामकडून 27-17. या दोन सामन्यांत आपली आक्रमणाची लाइन (क्वार्टरबॅकला राखणारे पुढचे खेळाडू) अक्षरशः दबली गेली. टीकाकार म्हणाले, बघा, जेम्स मॅडिसनची मुले मोठ्या टीमसमोर कमी पडली. टीका अगदीच खोटी नव्हती. म्हणूनच पुढे काय केले ते बघण्यासारखे आहे. सिग्नेटींनी नोत्र दामचाच सेंटर उचलला. पॅट कूगन. ज्या सामन्यात आपली लाइन दबली, त्याच सामन्यात तो समोरच्या बाजूला उभा होता. वर्षभराने प्लेऑफच्या रोझ बोल सामन्यात आपण अलाबामाला 38-3 असे धुतले तेव्हा आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. सेंटरला! चेंडू मागे देणारा, ढकलाढकली करणारा, ज्याचे नाव समालोचक फक्त पेनल्टी लागली की घेतात, त्याला.

'प्रॉडक्शन ओव्हर पोटेन्शियल' हे सिग्नेटींचे घोषवाक्य आपण टीशर्टवर छापून घेतले, पण त्याचा अर्थ फारसा लक्षात घेतला नाही. शाळेत असताना गुणवत्तेचे चार-पाच स्टार मिळालेला, पण कॉलेजात बाकावर बसलेला मुलगा त्यांना नको असतो. दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष खेळलेला, मार खाल्लेला, आकडे दिसतात असा हवा. मग तो केंट स्टेटचा का असेना. स्टीफन डेली तिथूनच आला. 2024 मध्ये केंट स्टेटने बाराच्या बारा सामने गमावले होते. एवढ्या हरलेल्या टीममध्येही हा पोरगा दर आठवड्याला लाइन फोडत होता, हे कोणीतरी टेप बघून ओळखले. आपल्याकडे आल्यावर त्याने तेच केले. दुखापत झाली म्हणून प्लेऑफला मुकला, नाहीतर आज त्याच्याही नावाच्या जर्सी दिसल्या असत्या.

आणि फर्नांडो मेंडोझा. मायामीचा क्यूबन वंशाचा मुलगा, शाळेत कोणी फारसे विचारले नाही, येलला जाणार होता, शेवटी बर्कलीला गेला. तिथे तीन वर्षांत बिझनेसची डिग्री हातात घेतली आणि मग ब्लूमिंग्टनला आला, जिथे धाकटा भाऊ अल्बर्टो आधीच होता. 'फक्त पैशासाठी आला' म्हणणाऱ्यांनी हेही बघावे. हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूची) मिळाली तेव्हा त्याच्या नावावर 33 टचडाऊन पास होते, देशात सर्वाधिक. आपल्या विद्यापीठाच्या इतिहासातली ती पहिली हाइझमन.

पण आकडे राहू द्या. मला तुमच्याशी दोन प्रसंगांविषयी बोलायचे आहे, कारण ते तुम्हीही पाहिले आहेत आणि तरी 'बाहेरचे' म्हणता.

पहिला, 8 नोव्हेंबर 2025 चा, पेन स्टेटमधला. तिथे आपण याआधी कधीच जिंकलो नव्हतो. 24-20 ने मागे, दोन मिनिटांहून कमी वेळ, टाइमआउट एकही शिल्लक नाही, 80 यार्ड जायचे. आणि पहिल्याच प्लेला मेंडोझा सॅक. माझ्या घरात एकाने टीव्ही बंद करायला रिमोट उचलला होता, नाव सांगत नाही. तिथून मेंडोझा एकेक पास टाकत पुढे सरकला. शेवटचा पास एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाला टचडाऊन होतो त्या पट्ट्याच्या) अगदी मागच्या रेषेवर, उंच, जवळजवळ बाहेरच. ओमार कूपर हवेत गेला, चेंडू धरला, शरीर रेषेबाहेर पडत असताना एक पाय आत टेकवला. 36 सेकंद उरलेले. 27-24. हा कूपर कुठला? इंडियानापोलिसचा. लॉरेन्स नॉर्थ शाळेचा. 2022 पासून आपल्याकडे, हरणारे सीझन सोसलेला. टाकणारा कॅलिफोर्नियाहून आलेला, पकडणारा आपल्या गल्लीतला. त्या झेलातला कुठला भाग विकतचा आणि कुठला घरचा, हे कुणाला काढून दाखवता येईल?

दुसरा प्रसंग अंतिम सामन्यातला. तिसरे क्वार्टर, आपण 10-7 ने पुढे, पण मायामीला लय सापडली होती. मायामीचा पंट (चेंडू लांब लाथाडून सोडून देणे). जेम्स मॅडिसनहून आलेल्या कमाराने आत घुसून तो अडवला. चेंडू एंड झोनमध्ये घरंगळला आणि त्यावर झडप घातली आयझाया जोन्सने, जो सिग्नेटींच्या आधीपासून ब्लूमिंग्टनला होता. 17-7. पुढे चौथ्या क्वार्टरला, चौथा डाऊन (शेवटची संधी), चार यार्ड हवेत, मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन गर्दीतून पळाला, दोन धक्के खाऊन, आडवा होत रेषेपार पडला. आणि शेवटच्या मिनिटात मायामीच्या कार्सन बेकचा पास पकडून सामना संपवला तो जमारी शार्पने. तोही आधीच्या कोचच्या काळातला, कोच बदलला तरी पोर्टलमध्ये नाव न टाकता थांबलेला. जाता जाता, कार्सन बेक कुठून आला होता? जॉर्जियाहून. म्हणजे समोरचा क्वार्टरबॅकही ट्रान्सफरच. देशातल्या शेवटच्या सामन्यात दोन्ही बाजूंनी बाहेरून आलेले क्वार्टरबॅक, आणि 'विकतची' टीम मात्र आपलीच!

आपल्यातले विदर्भवाले इथे तरी माझ्या बाजूने उभे राहतील अशी आशा आहे. 1 जानेवारी 2018 आठवा. इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिला रणजी करंडक घेतला. कोच चंद्रकांत पंडित मुंबईचे. वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकचा, दोघेही पाहुणे खेळाडू. पुढच्या वर्षी परत जिंकलो तेव्हा जाफरने हजारावर धावा केल्या. तेव्हा नागपुरात कोणी म्हटले का की करंडक भाड्याचा आहे? सीताबर्डीवर लोक नाचले. कारण सोबत फैझ फझल होता, उमेश यादव होता, अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी होता. 2025 ला जामठ्याला तिसऱ्यांदा जिंकलो तेव्हाही तेच. करुण नायर कर्नाटकहून आलेला, सीझनमध्ये 863 धावा. पण अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात त्याच्यासोबत उभा राहून 153 धावा काढणारा दानिश मालेवार आपला, 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे आपला. नंतर करुण परत कर्नाटकाकडे गेला. आपण त्याला शिव्या दिल्या नाहीत, हात हलवून निरोप दिला. मग ब्लूमिंग्टनला आल्यावर आपला न्याय का बदलतो?

कोणी म्हणेल, पोर्टलमधून माणसे आणली की जिंकतोच असे असेल तर त्यात कौतुक कसले. पण तसे होत नाही, आणि मला वाटते खरी गोष्ट इथेच आहे. कोलोराडोला डिऑन सँडर्स 2023 मध्ये आले, एका फटक्यात पन्नासावर ट्रान्सफर आणले, जुन्या मुलांना कॅमेऱ्यासमोर वाट दाखवली. पहिले तीन सामने जिंकून टीव्हीवर धुमाकूळ, आणि सीझनअखेर 4-8 (चार विजय, आठ पराभव). क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स 52 वेळा सॅक झाला, कारण त्याच्यासमोर उभी राहणारी लाइन एकमेकांना नीट ओळखतसुद्धा नव्हती. फ्लोरिडा स्टेटचे तर आणखी विचित्र. 2023 मध्ये ट्रान्सफरच्या जोरावर तेरा सामने सलग जिंकले. पुढच्या वर्षी त्याच पोर्टलमधून, त्याच कोचने नवी माणसे आणली आणि 2-10.

मग आपल्याकडे का जमले? एक तर जेम्स मॅडिसनचा गट एकत्र आला. फिशर, कमारा, पॉन्ड्स यांना एकमेकांच्या सवयी माहीत होत्या, कोचची भाषा माहीत होती, आणि नव्याने आलेल्या बाकीच्यांना ती शिकवायला हेच पुढे. दुसरे, जुनी माणसे हाकलली नाहीत. आक्रमणाच्या लाइनमधला डावा टॅकल कार्टर स्मिथ थांबला, कूपर थांबला, शार्प आणि जोन्स थांबले. आणि काही तर जाऊन परत आले: लुई मूर ओल मिसला गेला होता, काहलिल बेन्सन कोलोराडोला. बेन्सन गेला तेव्हा आपल्या ग्रुपवर काय काय लिहिले गेले होते ते मी इथे उतरवत नाही. आज विजेत्या टीमच्या फोटोत तो आहे.

हे झाले खेळाचे. आता तक्रारीचे.

तक्रार मलाही आहे. जेम्स मॅडिसनने ही मुले शोधली. शाळेतून उचलली, पहिल्या वर्षी चुका करू दिल्या, जिममध्ये तयार केली. मग ती आपल्याकडे आली, आणि कोचसुद्धा. त्या विद्यापीठाला बदल्यात काय मिळाले? कोचच्या करारातली भरपाई वगळता, या तेरा मुलांबद्दल काही नाही. तरीही त्यांनी दम धरला. 2025 मध्ये ते स्वतःच बारा टीमच्या प्लेऑफमध्ये पोचले, ओरेगनसमोर 51-34 हरले, आणि त्यांचा नवा कोचही यूसीएलएने नेला. दर दोन वर्षांनी घर बांधायचे आणि दुसऱ्याने सामान उचलून न्यायचे, असा हा प्रकार. केंट स्टेटला डेलीबद्दल काय मिळाले? ओहायो युनिव्हर्सिटीला रोर्कबद्दल?

बाकीच्या जगात फुटबॉल म्हणतात त्या खेळात याची सोय आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू करार चालू असताना क्लब बदलतो तेव्हा ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. गोव्यातल्या वा कोल्हापुरातल्या एखाद्या छोट्या क्लबने घडवलेला मुलगा उद्या मोठा झाला तर कागदावर तरी त्यांचा हक्क राहतो. अमेरिकी कॉलेजात ट्रान्सफरची रक्कम अशी काही ठरत नाही, त्यामुळे नियम जसाच्या तसा उचलता येणार नाही, हे खरे. पण मोठ्या विद्यापीठाने आणलेल्या खेळाडूला जे पैसे द्यायचे ठरवले, त्याच्या वर ठराविक हिस्सा आधीच्या विद्यापीठाला द्यावा, एवढे ठरवायला काय हरकत आहे? हिस्सा खेळाडूच्या खिशातून नको. घेणाऱ्याच्या खिशातून.

दुसरी तक्रार अभ्यासाची. कॉलेज बदलले की सगळे क्रेडिट बरोबर येतातच असे नाही. आपण इथे विद्यार्थी म्हणून आलेलो आहोत, ट्रान्सक्रिप्टचा एकेक विषय मान्य करून घेताना ऑफिसच्या खिडकीवर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. मेंडोझासारखे डिग्री घेऊनच निघालेले सुदैवी. जो दोनदा-तीनदा बदलतो आणि एनएफएलपर्यंत (व्यावसायिक लीगपर्यंत) पोचत नाही, त्याचे काय? त्याच्या डिग्रीची जबाबदारी शेवटच्या विद्यापीठाने घ्यावी, खेळणे संपले तरी. आपले ॲथलेटिक डायरेक्टर स्कॉट डॉल्सन यांना माजी विद्यार्थी म्हणून पत्र लिहायचे तर या दोन गोष्टींवर लिहा. देणगीचा चेक फाडताना सोबत एक चिठ्ठी जोडा. मी मसुदा करून ग्रुपवर टाकतो, ज्यांना सही करायची त्यांनी करावी, शुद्धलेखन सुधारायचे ते प्राध्यापक मंडळींनी सुधारावे.

आणि खेळाडूंबाबत एक विनंती. मेंडोझा एनएफएलकडे निघाला. आता टीसीयूहून जोश हूव्हर येतोय, मिशिगन स्टेटहून निक मार्श येतोय. यांतला कोणीतरी सप्टेंबरात एखादा वाईट पास टाकेल, हातातला झेल सोडेल. त्या क्षणी ग्रुपवर 'म्हणून म्हणत होतो' लिहिणाऱ्यांची बोटे फोनवर तयारच असतील. निदान ओरेगनचा सामना आठवा. मेंडोझाने 2025 मध्ये तिथे चौथ्या क्वार्टरमध्ये असाच पास दिला होता, तो थेट टचडाऊनसाठी परत आला आणि 20-20 झाले. पुढच्याच ड्राइव्हला तोच मुलगा 75 यार्ड चालत गेला आणि सॅरॅटच्या हातात चेंडू ठेवून आला.

वॉच पार्टीची यादी करताना यंदा हूव्हरची जर्सीही मागवली आहे, मध्यम मापाच्या दोन शिल्लक आहेत. हव्या असतील त्यांनी कळवा. आणि ज्यांच्याकडे डेलीच्या नावाची आहे, त्यांनी ती कपाटात टाकू नये, पार्टीला घालून यावे.

आपला,
फिशर्समध्ये राहणारा एक नागपूरकर हूझियर